आधी वाट, मग सायकल

स्वस्तिक चौकात एसटीतून उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. डिसेंबरातली नगरची सकाळ, ऊन असूनही हवेत बोचरा गारवा. स्टँडच्या दारात मित्राचा मुलगा सायकल धरून उभा होता. सायकल हातात देताना तो म्हणाला, "काका, हेल्मेटपण आणलंय. आईनं सांगितलंय, दिल्याशिवाय यायचं नाही." मी विचारलं, "तू जातोस का रे सायकलवर कॉलेजला?" त्यानं मान हलवली. "नाही. आई सोडत नाही. स्कूटरवरच जा म्हणते."

त्याच्या आईच्या या नकाराचं मूळ शोधायलाच मी नगरला आलो होतो.

माझं बालपण या गावात गेलं. सरकारदरबारी २०२४ पासून शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तरी पुण्याहून येणारा कंडक्टर अजून "चला, नगर उतरा" असंच म्हणतो. दोन दिवस या शहरात फक्त सायकलवर फिरायचं, असं ठरवून मी निघालो होतो. लहानपणी जिथं तासावर सायकल मिळायची त्या गल्ल्यांत जायचं होतं. अनेकांनी मिळून वापरायच्या सायकली या गावात पुन्हा चालतील का, हे नकाशावरून नाही, सीटवर बसून ठरवायचं होतं.

आजच्या मुलांना मोबाइलवर कुलूप उघडणारी सायकल नवी वाटते. आमच्या पिढीनं तीच सायकल वहीत नाव लिहून घेतली आहे. दुकानदार नाव लिहायचा, शेजारी घड्याळात बघून वेळ टाकायचा आणि मडगार्डवर रंगवलेला नंबर मांडायचा. अनामत रक्कम नसायची, ओळख लागायची. तोफखान्यातला अमक्याचा मुलगा एवढं पुरे. तासाला पन्नास पैसे भाडं होतं. पाय पुरत नसत म्हणून आधी नळीखालून पाय घालून कैची शिकलो, मग दांडीवर आलो, मग सीटवर. एक सायकल दिवसभरात आठ-दहा जणांच्या पायांखालून जायची. सामायिक सायकल याहून वेगळी काय असते?

स्वस्तिक चौकातून माळीवाड्याकडे निघालो. डोक्यावर उड्डाणपूल. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झालेला हा पूल सक्कर चौकापासून स्टेट बँक चौकापर्यंत शहराच्या अंगावरून सुमारे तीन किलोमीटर जातो. पुणे, मनमाड, संभाजीनगर, सोलापूर, कल्याण, बीड अशा सगळ्या दिशांचे रस्ते नगरला येऊन मिळतात. वर्षानुवर्षं परगावच्या मालट्रक आणि गावातली शाळेची पोरं एकाच डांबरावरून जात होती. आता त्यांतला बराच भार वर चढला आहे.

खाली चालवताना मात्र ही गोष्ट जाणवत नव्हती. खांबांमधल्या जागेत गाड्या उभ्या होत्या. त्यामुळे रिक्षा कडेला सरकलेल्या, हातगाड्या त्यांच्याही बाहेर, आणि उरलेल्या पट्ट्यात बस, दुचाकी आणि मी. पहिल्या दोनशे मीटरमध्ये मी तीन वेळा खाली पाय टेकवला. एका ठिकाणी गटारावरच्या जाळीच्या सळया रस्त्याच्या दिशेनंच बसवल्या होत्या. सायकलचं चाक त्या फटीत अलगद उतरलं असतं. चारचाकीला ही जाळी कळतही नाही. जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवली असती, तर वेगळा खर्च आला नसता. रस्ता आखणारा माणूस कशावर बसून विचार करतो, ते अशा सळईवरून कळतं.

मग माळीवाडा वेशीतून आत वळलो आणि शहर बदललं.

निजामशाहीनं १४९० च्या सुमारास वसवलेल्या या शहराचा जुना भाग माणसाच्या आणि घोड्याच्या मापानं वाढला. गल्ल्या अरुंद, वळणं काटकोनाजवळची, दर पन्नास-साठ पावलांवर एक फाटा. इथं मोटारीला वेग घेताच येत नाही. मोची गल्लीतून कापड बाजारात शिरलो तेव्हा माझ्यापुढं एक टेम्पो, टेम्पोपुढं एक बाई पिशवी घेऊन, आणि तिघांचाही वेग जवळपास सारखा. गर्दी होती, गोंगाट होता, पण भीती नव्हती. दाळमंडई, आडते बाजार, पुढं चितळे रोड असा तासभर फिरलो आणि एकदाही मागून कुणी अंगावर येतंय असं वाटलं नाही. सायकलला रुंद रस्ता लागतो असा आपला समज असतो. तिला लागतो तो सावकाश रस्ता.

आज जगभरचे जाणकार हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जिथं पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकत्र येतात तिथं वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत हवा. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक रस्तासुरक्षा परिषदेनंही आपल्या जाहीरनाम्यात हेच मांडलं. कापड बाजारात अशी पाटी कुठं नाही, पण वळणं आणि गल्लीची रुंदी ती मर्यादा पाळायला लावतात.

तोफखान्याच्या अलीकडे एक पंक्चरचं दुकान आहे. लहानपणी सायकली भाड्यानं घेत होतो त्या दुकानदाराचा धाकटा भाऊ आता तिथं बसतो, वय पंचाहत्तरच्या पुढं. मागच्या चाकात हवा कमी होती म्हणून थांबलो आणि गप्पा निघाल्या. वरच्या आढ्याला अजून एक काळी अर्धी सायकल टांगलेली होती.

"किती सायकली होत्या हो तेव्हा?"

"तीसेक. दिवाळीच्या सुटीत एक शिल्लक राहत नव्हती. रांग लागायची पोरांची."

"मग बंद का केलं?"

ते पंपाचा दांडा धरून थोडा वेळ गप्प बसले. "लोक म्हणतात गाड्या आल्या, लोकांकडं पैसा आला. ते खरंच आहे. पण पोरांकडं कुठं पैसा आला होता? पोरं यायचीच की. त्यांच्या आया येऊन सांगायला लागल्या, काका, आमच्या पोराला सायकल देऊ नका, तो सावेडीच्या रोडला नेतो. मग मी कुणाला द्यायची? सायकल होती, गिऱ्हाईकपण होतं. जायला जागा राहिली नाही."

सबंध प्रवासात मला मिळालेलं हे सगळ्यात नेमकं उत्तर. सकाळी हेल्मेट पाठवणारी आई आणि तीस वर्षांपूर्वी दुकानात येऊन बजावणाऱ्या आया, भीती तीच.

दुकानदार म्हणाले त्या 'गाड्या आल्या'लाही नगरचा खास इतिहास आहे. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिकनं १९७२ मध्ये लुना बाजारात आणली आणि तिचा कारखाना इथंच, दौंड रस्त्याला. लुना म्हणजे इंजिन लावलेली सायकलच होती, तिला पायडलही होते. मास्तर, कारकून, दूधवाले तिच्यावर बसले आणि दमछाक वाचली. तिनं लाखो साध्या घरांना पल्ला दिला. चूक लुनाची नव्हती. तिच्यानंतर वेगवान वाहनं येत गेली आणि त्यांच्यासाठी रस्ते रुंद करताना सायकलीची कड कुणी राखून ठेवली नाही, चूक ती.

दुपारी जेवून झाडाखाली टेकलो तेव्हा पुण्याची आठवण आली. डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात औंध आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली. पुढच्या काही महिन्यांत पिवळ्या, हिरव्या, केशरी सायकली चौकाचौकात दिसू लागल्या. अर्ध्या तासाला नाममात्र भाडं, मोबाइलनं कुलूप उघडायचं आणि मुक्कामी पोहोचल्यावर तिथंच सोडून द्यायची. त्याच सुमारास पुणे महापालिकेनं सायकल आराखडाही मंजूर केला. मी तेव्हा पुण्यात होतो आणि २०१८ च्या पावसाळ्यापर्यंत जवळजवळ रोज या सायकली वापरत होतो.

विद्यापीठाच्या चारशे एकरांच्या आवारात त्या सायकली दिवसभर फिरत. ग्रंथालयाकडून वसतिगृहाकडे, मुख्य इमारतीकडून उपाहारगृहाकडे. साडीतल्या प्राध्यापिका, पाठीवर सॅक लावलेल्या मुली, पहिल्यांदाच सायकलवर बसलेले परगावचे विद्यार्थी, सगळे. आणि फाटकाबाहेर गणेशखिंड रस्त्याला लागलं की त्याच सायकली कडेला उभ्या. कंपनी तीच, भाडं तेच, माणसंही तीच. फाटकाच्या आत वडाची सावली आणि हळू जाणाऱ्या गाड्या, बाहेर रुंद पट्टे आणि धावणाऱ्या बस. दोन्हींमधलं अंतर एका फाटकाएवढं होतं.

औंधला डीपी रोडवर पदपथ रुंद करून, झाडं राखून, सायकलींना वेगळी जागा दिली होती. तेवढ्या तुकड्यात चालवताना मला पहिल्यांदा वाटलं की हा रस्ता माझाही आहे. चौक आला की मात्र ती वाट संपायची. ज्या ठिकाणी गाड्या चारी बाजूंनी वळतात, नेमक्या तिथंच सायकलस्वार उघड्यावर. सायकलमार्ग म्हणजे साखळी असते, आणि साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी. त्यातून त्या सायकली जड, काहींचे टायर हवा नसलेले भरीव. खड्ड्याचा प्रत्येक दणका पाठीच्या कण्यात. स्वतःची सायकल रोज चालवणारा माणूस रस्त्याच्या खोड्या ओळखून असतो, कुठं वळायचं, कुठं उतरून ढकलायचं हे त्याला ठाऊक असतं. भाड्याच्या सायकलवर बसणारा बहुतेक वेळा नवखा असतो. रस्ता त्याला एकदा घाबरवतो आणि तो दुसऱ्यांदा येत नाही.

दीड-दोन वर्षांत त्यांतल्या बहुतेक सायकली पुण्याच्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या, कंपन्यांचे हिशेब जमले नाहीत. ही कारणं खरी आहेत. पण विद्यापीठाच्या फाटकात जे पाहिलं, ते माझ्या मनातून गेलं नाही.

जगातही हाच अनुभव आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९६५ साली काही तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून कुलपाविना रस्त्यावर सोडल्या, ज्याला हवी त्यानं घ्यावी म्हणून. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. कल्पना उदार होती, पण शहर तयार नव्हतं. पुढं १९७१ मध्ये नेदरलँड्सच्या रस्त्यांवर वर्षभरात ४०० हून अधिक मुलं मेली आणि आईवडील मुलांचे जीव वाचवा म्हणत रस्त्यात बसले. त्या आंदोलनानं आणि पाठोपाठ आलेल्या तेलटंचाईनं तिथले रस्ते बदलले. रस्ते बदलून दोन-तीन दशकं झाली, तेव्हा कुठं २००३ मध्ये तिथल्या रेल्वे स्टेशनांवर भाड्याच्या सायकलींची योजना आली, आणि ती आज देशभर चालते. स्पेनच्या सेव्हिल शहरात तर सायकलींची फारशी परंपराही नव्हती. २००६-०७ मध्ये त्यांनी गाड्या उभ्या करायची जागा घेऊन सुमारे ८० किलोमीटरचा सलग, वेगळा सायकलमार्ग एकदम बांधला आणि २००७ मध्येच भाड्याच्या सायकली आणल्या. काही वर्षांत सायकलच्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. तुकड्यातुकड्यांनी बांधत बसले असते तर हे झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांदणी चौकातून किल्ल्याकडे वळलो. भुईकोटाला खंदकाच्या कडेनं वळसा घातला. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद याच तटांच्या आत बंदिवान होते. पुढं भिंगारच्या छावणीत शिरलो आणि पुन्हा विद्यापीठाच्या आवाराची आठवण झाली. झाडांच्या रांगा, थोड्या अंतरावर गतिरोधक, शिस्तीत जाणाऱ्या गाड्या. एक जवान भाजीची पिशवी हँडलला लावून निवांत चालला होता. दोन मुली शेजारी शेजारी सायकल चालवत, बोलत शाळेला जात होत्या. शेजारी शेजारी चालवत बोलता येणं, रस्ता सुरक्षित असल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

संध्याकाळी मात्र नगर-मनमाड रस्ता. तारकपूर, पत्रकार चौक, प्रेमदान चौक, सावेडी आणि पुढं नागापूरची एमआयडीसी. पाळी सुटायची वेळ होती. अंधारात, धुळीच्या पट्ट्यावरून, डब्याची पिशवी लावलेले कामगार सायकलवर येत होते. सायकलला दिवा नाही, पट्टा नाही. एका चहाच्या टपरीवर एका कामगाराला विचारलं, "दादा, भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "वाटती ना. पण बारा हजारात गाडीचा हप्ता बसत नाही, सायकल बसती." मग तो दुभाजकाकडे बोट दाखवून म्हणाला, "पलीकडं जायला लांब वळसा पडतो, म्हणून उलट्या बाजूनं येतो आम्ही. लोक शिव्या देतात. वळसा कुणी टाकला ते कुणी विचारत नाही."

त्या रस्त्यावर सायकलवाले आहेत. वापर नाही असं म्हणून त्यांच्यासाठी काही न करणं हे त्यांच्यावर अन्याय करणं आहे. नदीवर किती जण पोहून जातात हे मोजून पूल बांधायचा की नाही ते कोणी ठरवत नाही.

या दोन दिवसांत मला खात्री पटली की नगर सायकलीचं शहर होऊ शकतं, पुण्यामुंबईपेक्षा लवकर. शहराचा बहुतेक व्यवहार चार-पाच किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. जमीन बऱ्यापैकी सपाट. १७,००० चौरस किलोमीटरचा, राज्यात सगळ्यात मोठा जिल्हा. चौदा तालुक्यांतली माणसं रोज कोर्टकचेरी, दवाखाना, कॉलेजसाठी माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक स्टँडवर उतरतात आणि पुढच्या दोन किलोमीटरसाठी रिक्षा शोधतात. पाथर्डीहून आलेल्या मुलीला स्टँडच्या दारातच सायकल मिळाली आणि कॉलेजच्या दारात सोडता आली, तर तिचे रोजचे पैसे वाचतील. पण त्यासाठी दर तीनेकशे मीटरवर सायकलचा थांबा हवा. दोनच थांबे ठेवून योजना अपयशी ठरली म्हणणं म्हणजे दोन थांब्यांची एसटी चालवून प्रवासी नाहीत म्हणण्यासारखं.

आणि त्याआधी वाट हवी. उड्डाणपुलानं लांबच्या गाड्या वर नेल्या, तेव्हा खालचा रस्ता शहराला परत मिळाला आहे. खांबांमधल्या जागेतल्या गाड्या हलवून तिथं स्वस्तिक चौकापासून स्टेट बँक चौकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटरची सलग सायकलवाट आखता येईल. चौकांमधली मोठी गोल वळणं आवळून घेतली की वळणाऱ्या गाडीला हळू व्हावंच लागेल. चौकातही सायकलवाट तुटता कामा नये. पुढं ती सावेडीमार्गे नागापूरपर्यंत न्यायला हवी, दिव्यांसह, झाडांसह, आणि दुभाजकात सायकलला ओलांडायला जागा ठेवून. कापड बाजार आणि चितळे रोडला नवीन काही नको, फक्त त्यांचा सावकाशपणा टिकवायचा. गटारांच्या जाळ्या तर उद्या सकाळीच फिरवून घेता येतील.

निजामशाहीत कापूरवाडी, वडगावकडून खापरी नळांनी या शहरात पाणी आणलं. आधी नळ घातले, मग हौदांत पाणी पडलं. सायकलींचंही तसंच आहे. वाट बांधली की त्या येतात. वाटेविना आणून सोडल्या की सांडलेल्या पाण्यासारख्या वाहून जातात.

परतताना सायकल मित्राच्या घरी सोडली. वहिनींना म्हणालो, हेल्मेट कामाला आलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला सायकलचं वावडं नाही. मी स्वतः शाळेला सायकलनंच गेले. रस्ता चांगला करा, उद्याच पाठवते त्याला."

या शहराला आता अहिल्याबाईंचं नाव आहे. चौंडीत, याच जिल्ह्यात १७२५ साली जन्मलेल्या त्या बाईंनी देशभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. ते सगळं पायी चालणाऱ्यांसाठी, ज्यांच्याकडं पालखी नव्हती त्यांच्यासाठी होतं. त्यांचं नाव पाटीवर लिहिणाऱ्या शहरानं नागापूरहून अंधारात घरी येणाऱ्या कामगाराला आणि पाथर्डीहून एसटीनं येणाऱ्या मुलीला एक सलग वाट द्यावी. सायकली मग आपण आणू. तीस वर्षांपूर्वीही त्या या गावात होत्याच.